डिस्टॉर्शन पेडल: आधी घर बघा, मग गेन

इलेक्ट्रिक गिटारसाठी डिस्टॉर्शन पेडल घ्यायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती आवडत्या गिटारवादकाच्या पायाशी काय होतं याची. कर्ट कोबेनकडे बॉस कंपनीचं नारिंगी डीएस-वन होतं, स्टीव्ही रे वॉनकडे आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर, जिमी हेंड्रिक्सकडे फझ फेस. तेव्हा आपणही त्यातलंच एक घ्यावं, असा सरळ हिशेब असतो. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. पेडल म्हणजे गिटारपासून स्पीकरपर्यंतच्या साखळीतली मधली एक कडी. तिच्या अलीकडे आणि पलीकडे काय जोडलेलं आहे, त्यावर कानाला काय ऐकू येणार ते ठरतं. अकोल्यात मोर्णेच्या पश्चिम काठावरच्या जुन्या शहरात, राजराजेश्वर मंदिराच्या परिसरातल्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत राहणाऱ्या वादकाची साखळी सिॲटलच्या किंवा लंडनच्या वादकासारखी नसते. घरातलं अर्थिंग, वऱ्हाडचा उन्हाळा, शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत आणि कार्यक्रमात मंडपवाला देईल तो साउंड, या चार गोष्टींनी त्याचं पेडल ठरायला हवं. त्या चारही नीट तपासल्या तर कौल एकाच बाजूला जातो: पहिलं पेडल कमी गेनचं, म्हणजे सिग्नल कमी पटींनी वाढवणारं, घ्यावं, आणि जास्त गेनचं घ्यायचंच असेल तर ते दुसरं.

मुळात हे पेडल करतं काय? गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल साधारण दहाव्या हिश्श्यापासून अर्ध्या व्होल्टपर्यंतचा असतो. पेडल तो कित्येक पटींनी वाढवतं आणि मग ठरावीक उंचीवर त्याचे शेंडे छाटून टाकतं. छाटण्याचं काम बहुधा डायोड करतात. सिलिकॉनचा डायोड साधारण 0.6 व्होल्टला वाहू लागतो, म्हणून लाट त्याच्या वर चढूच शकत नाही. लाटेचा गोलवा गेला की मूळ स्वरात नसलेले वरचे स्वरांश तयार होतात आणि आवाजाला धार येते. डायोड ॲम्प्लिफाय करणाऱ्या आयसीच्या परतीच्या वाटेवर बसवले, जसे ट्यूब स्क्रीमरमध्ये आहेत, तर छाटणी हळूहळू होते आणि आवाज मऊ राहतो. आयसीच्या पुढे ते थेट जमिनीला जोडले, जसे डीएस-वनमध्ये किंवा रॅट नावाच्या पेडलमध्ये आहेत, तर छाटणी कडक होते. पेडलांच्या डब्यांवर काहीही लिहिलेलं असो, बहुतेकांच्या पोटात याच दोन रचनांचे कमी-जास्त फेरफार सापडतात. गंमत म्हणजे हा सगळा प्रकार बिघाडातून जन्माला आला. नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणात मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल नादुरुस्त निघाला आणि गिटारचा आवाज फाटला. तो लोकांना इतका आवडला की तसाच आवाज मुद्दाम काढणारी डबी, मेस्ट्रो फझ-टोन, 1962 मध्ये बाजारात आली. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नं ती घराघरांत पोचवली.

फाटलेला आवाज ही पाश्चात्त्यांची आवड, आपल्या कानाला तो परका, असं म्हणणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी मिरजेकडे पाहावं. तिथले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून घासून असा उतार देतात की तार कंप पावताना त्याला हलकेच चाटत जाते. तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा साधतात. यालाच जवारी म्हणतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कारागिरीचा गाभा ही जवारीच आहे. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहून दाखवलं, की अशा घोडीमुळे तारेतून असे वरचे स्वरांशही निघतात जे नेहमीच्या नियमानुसार निघायला नकोत. शुद्ध, गुळगुळीत तारेपेक्षा ही खरखर आपल्या पूर्वजांनी जाणूनबुजून निवडली. तेव्हा मराठी कानाला डिस्टॉर्शन नवीन नाही. पण जवारीत आणि पेडलमध्ये एक फरक आहे आणि निवडीचा सगळा प्रश्न त्याच्यावर उभा आहे. जवारीत प्रत्येक तार आपापली खरखरते. पेडलमध्ये सहाही तारांचा सिग्नल आधी एकत्र होतो आणि मग तो गठ्ठा छाटला जातो. त्यामुळे तारा एकमेकींत मिसळून, बेरजा-वजाबाक्या होऊन, कुणीच न वाजवलेले स्वर बाहेर पडतात.

आकड्यांत पाहिलं तर हे चटकन कळतं. षड्ज 200 हर्ट्झचा धरा आणि पंचम 300 चा. दोघे एकत्र छाटले गेले की त्यांच्या पटींच्या बेरजा-वजाबाक्यांतून 100, 400, 500 असे स्वर निघतात. 100 म्हणजे खालचा षड्ज, 400 म्हणजे वरचा षड्ज आणि 500 म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार, तोच जो नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो. सगळी घरचीच माणसं. रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो हा निव्वळ सा-प आहे, आणि कितीही गेन दिला तरी तो का शोभतो याचं कारण हेच. आता त्यात गंधार घाला. गिटारच्या पडद्यांवर गंधार शुद्ध 250 चा मिळत नाही, जवळपास 252 चा मिळतो, कारण पडदे सगळ्या सुरांना समान अंतरानं वाटलेले असतात. दुप्पट गंधारातून षड्ज वजा केला तर 304 येतो. तिकडे 300 चा पंचम आधीच बसलेला आहे. 300 आणि 304 शेजारी आले की सेकंदाला चारेक हेलकावे पडतात आणि कॉर्ड गढूळ होतो. कमी गेनवर हा 304 चा उपटसुंभ इतका क्षीण असतो की कुणाच्या लक्षातही येत नाही. गेन वाढवत नेला की तो पंचमाच्या बरोबरीनं आवाज करू लागतो.

आता वऱ्हाडात गिटारवादक वाजवतो काय ते पाहू. लग्नातली संगीत संध्या, भीमजयंतीचा गीतगायनाचा कार्यक्रम, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, कॉलेजचं गॅदरिंग, फार तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा युवा महोत्सव. या सगळ्या ठिकाणी हिंदी-मराठी गाणी वाजतात, आणि ती गाणी पूर्ण मेजर-मायनर कॉर्डांवर, म्हणजे गंधारासकट, उभी असतात. नुसत्या सा-प वर गाणं रेटलं तर गायकाला आधार मिळत नाही. एखादा सोलो तुकडा किंवा सुरुवातीची धून एकेका तारेवर असते, तिथे डिस्टॉर्शन खुलतं. पण बाकीचा सगळा वेळ कॉर्ड धरावे लागतात. ज्या पेडलचा गेन सगळ्यात कमी केला तरी आवाज फाटलेलाच राहतो, ते इथे गाण्यातल्या दहा सेकंदांपुरतं कामाचं. उलट ट्यूब स्क्रीमरसारख्या कमी गेनच्या ओव्हरड्राइव्ह पेडलवर गिटारचा व्हॉल्यूमचा नॉब निम्म्यावर आणला तर कॉर्ड स्वच्छ होतात आणि पुन्हा पूर्ण वर नेला की सोलोला धार येते. एका पेडलमध्ये दोन आवाज मिळतात, पाय हलवावाही लागत नाही.

आता सुरुवातीच्या त्या चार गोष्टी. पहिली घरातल्या विजेची. जुन्या वस्तीतल्या बऱ्याच घरांत वायरिंग दोन तारांचं असतं. तीन भोकांचा सॉकेट भिंतीवर दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची तार असेलच याची खात्री नसते. आपली वीज 50 हर्ट्झची. अर्थिंग नसलं की तिची गुणगुण गिटारमध्ये शिरते. त्यात पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवे आपली चरचर मिसळतात. समजा गुणगुणीचा हा भाग अवघा एक मिलिव्होल्ट आहे. ट्यूब स्क्रीमर सिग्नल जास्तीत जास्त शंभर-सव्वाशे पटींनी वाढवतं, म्हणजे गुणगुण 0.1 व्होल्टवर जाईल. स्वर 0.6 व्होल्टला छाटला जातोय, तेव्हा गुणगुण त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढी राहिली. त्रास होईल, पण वाजवता येईल. आता हजारपट गेनचं पेडल घ्या. त्याच एका मिलिव्होल्टचा एक व्होल्ट होतो, म्हणजे गुणगुणच छाटणीच्या उंचीपर्यंत चढते आणि तुम्ही तारेला हात न लावताही स्पीकर स्वराइतक्याच मोठ्यानं घुमत राहतो. दुकानात किंवा व्हिडिओत झकास वाटलेलं पेडल घरी आणल्यावर ‘बिघडलेलं’ निघतं ते पुष्कळदा या साध्या गुणाकारामुळे. नॉइज गेट नावाचं आणखी एक पेडल यावर उतारा म्हणून विकलं जातं, पण ते वाजवणं थांबल्यावरची गुणगुण बंद करतं, वाजवतानाची नाही. खरा उपाय इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेणं. त्याला आवाजापेक्षा मोठं कारणही आहे: गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि ते नसेल तर माइकला ओठ टेकताच जो झटका बसतो तो जीवावरही बेतू शकतो.

उन्हाळ्याचा पेडलशी काय संबंध, असं वाटेल. आहे, आणि तो फझच्या भक्तांना विशेष झोंबणारा आहे. 1966 चं मूळ फझ फेस जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालायचं, आणि आजही ‘अस्सल’ आवाजाच्या नावाखाली जर्मेनियमची पेडलं चढ्या भावानं विकली जातात. जर्मेनियममधून वीज थोडी थोडी गळत असते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की दर वेळी ही गळती ढोबळमानानं दुप्पट होते. म्हणजे 25 अंशांवर जुळवलेलं पेडल 45 अंशांत चौपट गळतं. त्याचं अंतर्गत संतुलन ढासळतं, स्वर गुदमरतो, कधी तोंडातल्या तोंडात तुटतो. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला आणि प्रशासनाला उष्णतेपायी कलम 144 लावावं लागलं. अशा गावात एप्रिल-मे हे लग्नसराईचे, म्हणजे कार्यक्रमांचे, ऐन महिने. पत्र्याच्या मंडपात जर्मेनियम घेऊन जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. सिलिकॉनचं पेडल घ्यावं. ते उन्हाला भीक घालत नाही.

तिसरी गोष्ट सामाईक भिंतीची. पेडल घेण्यावरच जाणकारांचा एक ठरलेला आक्षेप असतो, की खरं डिस्टॉर्शन पेडलमध्ये नसतंच, ते व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पूर्ण फोडल्यावरच येतं. ऐतिहासिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण ते ऐकायला घर कुठलं आणायचं? ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. छोटासा पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरही फाटण्याच्या पातळीला आणला तर खोलीत शंभराच्या आसपास जातो. जिथे एका घराची भिंत हीच दुसऱ्या घराची भिंत, तिथे हा प्रयोग दोनदा होणार नाही. आवाज कमी ठेवूनही ॲम्प्लिफायर फाटल्याचा भास व्हावा यासाठीच तर ओव्हरड्राइव्ह पेडलं आली. तेव्हा शुद्धतेच्या नावाखाली पेडलला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, आणि माझ्या मते पैसा सगळ्यात जास्त तिथेच वाया जातो. कार्यक्रमात गिटारचा ॲम्प्लिफायर बहुधा नसतोच. साउंडवाला मिक्सरमधून एक वायर देतो आणि म्हणतो, यात लाव. आता गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर जवळपास गप्प होतो. छाटलेल्या लाटेतला वरचा कर्कश भाग तो गिळून टाकतो. म्हणजे गिटारचा स्पीकर हा डिस्टॉर्शनचाच अर्धा भाग आहे. मंडपातल्या साउंडचे भोंगे मात्र पंधरा-सोळा हजारांपर्यंत सगळं इमानेइतबारे ओकतात. पेडल थेट तिथे जोडलं की गांधीलमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज होतो. वादक पेडलला शिव्या घालतो, साउंडवाला वादकाला. इंटरनेटवर ज्या व्हिडिओंवरून पेडल पसंत केलं जातं त्यांत बहुतेक वेळा गिटारच्या स्पीकरसमोर माइक ठेवलेला असतो. आपण पेडल ऐकतोय असं वाटतं, पण ऐकतो पेडल, स्पीकर आणि माइक अशा तिघांचा मिळून आवाज. म्हणून ज्याला मिक्सरमध्येच वाजवायचं आहे त्यानं पेडलच्या पुढे कॅबिनेट सिम्युलेटर लावलाच पाहिजे, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल करून वरचा भाग कापणारी डबी.

मग मल्टी-इफेक्टच का घेऊ नये, त्यात पेडलं पन्नास आणि सिम्युलेटरही आतच? हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो बऱ्याच अंशी मान्य करतो. घरी ॲम्प्लिफायर नाही, घेण्याचा विचारही नाही, आणि सगळं वाजवणं मिक्सरमध्ये, अशा वादकानं सुटं डिस्टॉर्शन पेडल न घेता चांगला मल्टी-इफेक्टच घ्यावा. मात्र त्यातही पन्नास आवाजांच्या यादीत वरचे सात-आठ भपकेदार आवाज खोलीत एकट्यानं ऐकण्यासाठी बनवलेले असतात, आणि गेन कमी ठेवायचा हा नियम तिथेही सुटत नाही.

मेटल वाजवणाऱ्यांचं काय? मुंबईत 1984 मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीनमधल्या महेश तिनईकरांपासून ते भयानक मौतसारख्या बँडपर्यंत महाराष्ट्रात जड गिटारची परंपरा आहे. 1986 पासूनच्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवानं ती वाढवली. वऱ्हाडातल्या पोरांनी मेटल वाजवू नये असं कोण म्हणेल? पण मेटलवाल्यांचीच एक जुनी युक्ती पाहा. ते जास्त गेनच्या ॲम्प्लिफायरच्या अलीकडे ट्यूब स्क्रीमर लावतात, त्याचा ड्राइव्हचा नॉब शून्यावर आणि लेव्हल पूर्ण. हे पेडल खालचा बास कापतं आणि सातशे हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग उचलतं, त्यामुळे जड तारांची घुसळण आवळून येते. म्हणजे कमी गेनचं पहिलं पेडल पुढेही निरुपयोगी होत नाही. याउलट 1991 साली आलेलं बॉसचं मेटल झोन घेऊन त्यातला मिडल पूर्ण कापायचा आणि बास-ट्रेबल चढवायचा, ही सर्रास चूक होते. खोलीत तो आवाज भलता दमदार वाटतो. स्टेजवर बास ढोलकानं आणि बास गिटारनं व्यापलेला, वरचा भाग ऑक्टोपॅडच्या झांजांनी. गिटारची हक्काची जागा मधली, आणि तीच आपण कापून टाकलेली. मग वादक व्हॉल्यूम वाढवतो. त्यानं भांडण होतं, गिटार ऐकू येत नाही. मेटल झोनमध्ये मधला भाग नेमका कुठे वाढवायचा ते ठरवणारा नॉब आहे. तो उजवीकडे-डावीकडे सावकाश फिरवून ऐकला तर या बदनाम पेडलमधूनही बरं काही निघतं.

नावाचं कौतुक किती करावं, याचीही मर्यादा कळली पाहिजे. ट्यूब स्क्रीमरच्या भक्तांत 4558 या आयसीची देवघरात ठेवावी अशी महती आहे. तीच 4558 आपल्याकडे होम थिएटरच्या आणि लोकल ॲम्प्लिफायरच्या बास-ट्रेबलच्या बोर्डावर वर्षानुवर्षं बसते आहे. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकच्या डबीत दोन-चार सापडतील. बनावटीप्रमाणे तिच्यात थोडा फरक असतो, पण आवाज ठरवतात ते तिच्याभोवतीचे डायोड, कपॅसिटर आणि तुमचा हात. म्हणून त्याच सर्किटची स्वस्त नक्कल घेण्यात कमीपणा मानू नये. पाहायचं ते डब्याचा पत्रा, पायानं दाबायचा स्विच आणि जॅक. पेडल मरतं ते याच तीन ठिकाणी, आणि सुट्या, मोठ्या भागांचं पेडल गावातला मेकॅनिक डाग देऊन पुन्हा उभं करू शकतो.

माझा कौल असा. घरी छोटा का होईना गिटारचा ॲम्प्लिफायर असेल तर ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं ओव्हरड्राइव्ह घ्या. एकाच पेडलमध्ये सौम्य ते जहाल सगळं हवं असेल तर रॅटच्या जातीचं, पण त्याचा फिल्टरचा नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो, हे ध्यानात असू द्या, आणि अर्थिंग नसलेल्या घरात त्याचा गेन अर्ध्यावर नेऊ नका. घेण्याआधी वाजवून पाहायला मिळालं तर भारी तुकडे वाजवू नका. नुसता सा-प वाजवा, मग सा-ग-प पूर्ण कॉर्ड, मग गिटारचा व्हॉल्यूम अर्धा करून तोच कॉर्ड. तिसऱ्या वेळी गंधार वेगळा ऐकू आला तर पेडल घेण्याजोगं आहे. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत पाहून मागवा आणि हीच चाचणी पहिल्याच दिवशी घरच्या सॉकेटवर करा. आणि ॲडॉप्टर बाजारातला कुठलाही नऊ व्होल्टचा उचलू नका. पेडलांना बहुधा मध्यभागी ऋण असलेली पिन लागते, दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ ॲडॉप्टरांत मध्यभागी धन असतं. उलटा लावला तर काही पेडलं नुसती गप्प राहतात आणि काही कायमची जळतात.